अर्धा चमचा

त्या दिवशी मी नातीच्या शाळेत गेले ती चमच्याची राखण करायला.

नात पाचवीत आहे. बाईंनी मुलांना सांगितलं होतं, तुमच्या घरात औषध ज्या चमच्याने देतात तो उद्या घेऊन या. नातीने घरी येऊन चांदीचा चमचा मागितला. मी नाही म्हटलं. तो माझ्या आजीने गावच्या सोनाराकडून घडवून घेतलेला. जुन्या घडणीचा, होडीसारखा खोल, दांडीवर बारीक वेल. माझ्या आईला त्यातून भरवलं, मला भरवलं, लग्नात तो माझ्याबरोबर मुलुंडला आला, माझी दोन्ही मुलं त्याच्यावर वाढली. आमच्यात बाळाच्या तोंडात जे काही जातं ते चांदीतून जातं. उष्टावणाची खीर त्यातून, बाळगुटी त्यातून आणि औषधसुद्धा त्यातूनच. चांदीतून दिलेलं बाधत नाही, असं माझी आजी म्हणायची. आई म्हणायची. मी सुनेला तेच सांगितलं होतं.

"स्टीलचा ने," मी नातीला म्हटलं.

"बाई म्हणाल्या, खरा आणायचा. उगीच कुठलाही नाही."

"आणि हरवलास तर?"

"तर तूच घेऊन ये ना, आजी. घरातलं कुणी आलं तरी चालेल म्हणाल्यात. पण तू कसली येतेस."

आतून सून हसली. "आई आणि शाळेत? हळदीकुंकवाला गेल्या तरी दाराजवळची जागा धरतात."

ते खरं आहे. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागे सरते. तरी चमच्यासाठी मी जायचं ठरवलं.

सून त्या दिवशी घरी होती. एरवी ती घाटकोपरला एका कपड्यांच्या दुकानात असते, पण धाकट्याला सर्दीताप म्हणून तिने रजा घेतली होती. धाकटा म्हणजे माझा नातू, त्याचं उष्टावण नुकतंच झालं होतं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी एक गुलाबी औषध दिलं होतं, अर्धा चमचा, दिवसातून तीनदा. ते चांगलं लागू पडलं असं आम्हाला वाटत होतं. आधी रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं, आणि औषध सुरू झाल्यापासून नुसता झोपत होता. दुधालाही नीट उठत नव्हता. आम्ही एकमेकींना खुणा करून हळू बोलत होतो. झोपू दे, झोपेनेच बरं वाटेल. सकाळी मीच त्याला औषध पाजलं, चमचा धुतला, रुमालात बांधला आणि नातीबरोबर निघाले.

वर्गात मागच्या बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, गुडघे वर येत होते. आणखी एक आई आली होती, ती मोबाइलवर होती. बाई तरुण, ओढणी कमरेला बांधलेली. टेबलावर नीळ घातलेल्या पाण्याची बाटली आणि बिनसुईची एक सिरिंज, म्हणजे इंजेक्शनची नळी. त्यांनी फळ्यावर 'धारकता' असं लिहिलं. हा शब्द माझ्या वेळी मी चौथीत असताना होता की नाही, आठवत नाही. त्याखाली लिहिलं, औषधाचा एक चमचा म्हणजे पाच मिली.

"डॉक्टर एक चमचा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एवढा असतो," बाई म्हणाल्या. "आता तुमच्या घरचा चमचा केवढा आहे ते बघायचं. तुम्हीच भरा, तुम्हीच मोजा."

मुलं टेबलाभोवती गोळा झाली. कुणी पोह्याचा चमचा आणला होता, कुणी आइस्क्रीमचा, एकाने तर साखरेच्या डब्यातला वाकलेला. चमचा भरायचा, पाणी नळीत ओढायचं, रेघ वाचायची, फळ्यावर आकडा लिहायचा. कुणाचे तीन, कुणाचे सात. प्रत्येक आकड्याला हसू. मलाही मजा वाटायला लागली. असा अभ्यास असता तर मी आणखी दोन यत्ता टिकले असते.

मग नातीने रुमाल सोडला.

"ए, हा चमचा आहे की डाव?" एक मुलगा म्हणाला.

"ह्याच्यात तुझा भाऊ आंघोळ करतो काय गं?"

"चांदीचा आहे, कळलं?" नात म्हणाली. "तुझ्यासारखा वाकडा नाही."

बाईंनी त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, घरी तुम्हीच देता का औषध? मग तुम्हीच भरून दाखवा ना."

मी उठले. टेबलाजवळ गेल्यावर बाईंनी विचारलं, "डॉक्टरांनी किती सांगितलंय?"

"अर्धा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मग घरी जसा भरता तसाच अर्धा भरा."

मी भरला. रोजच्यासारखाच. नातीने नळी पाण्यात धरून दांडा ओढला. निळं पाणी वर चढत गेलं. अडीचची रेघ गेली. पाचची रेघ गेली. सहाची गेली आणि तिच्या थोडं पुढे जाऊन थांबलं.

"बाई, अर्धाच एवढा," नात म्हणाली. "पूर्ण केवढा असेल?"

मुलं पुन्हा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि मला हळूच विचारलं, "आजी, हे औषध कुणाला देता?"

"नातवाला."

"केवढा आहे?"

मी हाताने दाखवलं. छातीशी धरतात तसं.

"औषधाच्या बाटलीवर खुणा असलेलं छोटं झाकण असतं. ते नव्हतं का?"

झाकण होतं. ते कुठे आहे हेही मला माहीत होतं. मी नातीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. बाटली आणली की ते झाकण मी तिला भातुकलीत खेळायला द्यायचे. प्लॅस्टिकचं बाळाच्या तोंडाला कशाला लावायचं, म्हणून.

मी फळ्याकडे बघत उभी राहिले. पाच मिली म्हणजे एक चमचा. मग अर्धा म्हणजे अडीच. ते गणित मला येत होतं, चौथीतल्या कुणालाही येईल. दुपटीहून जास्त. सकाळी, दुपारी, रात्री. आणि तो झोपत होता, आणि आम्ही खूश होतो.

"मला घरी फोन करायचाय," मी म्हटलं. ह्या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

सुनेने फोन उचलला. मी विचारलं, "उठला का?"

"कुठला उठतोय. आत्ताच दुपारचं औषध दिलं झोपेतच."

"कशाने दिलंस?"

"तुम्ही चमचा नेलात ना. पोह्याच्या चमच्याने दिलं. तो एवढासा आहे, म्हणून पूर्ण भरून दिला. का?"

मी तिला म्हटलं, त्याला उठव. उठत नसला तर तोंडावर पाणी मार आणि मोठ्या दवाखान्यात घेऊन ये, मी तिकडेच येते. बाटली आण.

"आई, काय झालं काय?"

"औषध जास्त गेलंय गं. तू नीघ."

बाईंनी चमचा पुसून माझ्या रुमालात बांधला आणि नळीपण माझ्या हातात दिली. "दोन्ही डॉक्टरांना दाखवा. मुलीला मी बघते."

रिक्षात मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की पुलावर गाड्या अडकल्या होत्या, रिक्षावाला पान खात गाणं ऐकत होता आणि मी मुठीतला चमचा इतका घट्ट धरला होता की वेलाची नक्षी तळव्यावर उमटली. हाच चमचा. बाधत नाही म्हणून जपलेला.

सून माझ्या आधी पोचली होती. बाळ खाटेवर. एक तरुण डॉक्टरीणबाई त्याचा तळवा चोळत होत्या. त्याने डोळे अर्धवट उघडले, आम्हाला न बघताच मिटले. त्यांनी त्याच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला आणि बाटली वाचली.

"किती दिलं ह्यातलं?"

"अर्धा चमचा," सून म्हणाली. "म्हणजे दुपारी एक. म्हणजे, तो चमचा लहान होता." आणि तिला रडू फुटलं.

मी रुमाल सोडला. चमचा आणि नळी खाटेवर ठेवली. मी म्हटलं, "ह्या चमच्याने दिवसातून तीनदा, दर वेळी सहाच्या वर. परवापासून. आज सकाळीसुद्धा. आणि दुपारी पोह्याच्या चमच्याने एक भरून, तो साधारण पाच धरा." अनोळखी माणसापुढे एवढं सलग मी जन्मात बोलले नव्हते. सून रडायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "मोजलंय तुम्ही, ते बरं झालं. ह्या औषधाने गुंगी येते. श्वासावर लक्ष ठेवावं लागेल. बसा."

बसलो. मालाडहून, कामावरून मुलगा आला. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने चमचा हातात घेतला, उलटासुलटा केला.

"ह्याच्यामुळे?" तो म्हणाला. "ह्याच्यातूनच तर मी पण औषध प्यायलोय."

मी तेच मनात फिरवत होते. त्याची बालपणची दुखणी, त्याच्या बहिणीची. माझी स्वतःची. गावातली ती सगळी बाळं, जी त्या त्या आज्यांच्या हातून अर्धा अर्धा चमचा पीत वाढली. आणि जी वाढली नाहीत, ती कशाने गेली हे कुणी मोजलं होतं. तेव्हा नळी नव्हती. आम्ही म्हणत होतो, त्याचं आयुष्य तेवढंच.

चिमट्याचा दिवा लुकलुकत होता. मी त्याच्या पोटाकडे बघत होते. वर, खाली. नर्सबाई येऊन जात, हातावर टिचकी मारून बघत. संध्याकाळी खिडकीत उन्हाची पट्टी आली, तेव्हा त्याने पाय झाडला. मग तोंड वाकडं केलं. मग चिमट्याची वायर मुठीत धरून ओढली आणि असा ओरडला की शेजारच्या खाटेवरचं मूलही जागं झालं. सुनेने त्याला उचललं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता रडू दे त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते गुलाबी औषध बंदच केलं. फक्त तापाचं द्यायला सांगितलं, नळीने मोजून. जाता जाता म्हणाल्या, "चमचा म्हणून आम्हीच सांगतो हो सगळ्यांना. तुमच्या घरातला कसा आहे ते कोण विचारतं."

रात्रभर त्यांनी ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. घरी आलो तर नात दारातच उभी. रात्री ती शेजाऱ्यांकडे झोपली होती. भातुकलीची टोपली तिने जमिनीवर पालथी केली होती. त्यातून एकेक झाकण वेचून रांगेत मांडलं होतं. भाताचं पातेलं, आमटीचं पातेलं, बादली, फुलाची कुंडी. प्रत्येकावर बारीक रेघा आणि आकडे. एवढी झाकणं निघतील असं मला वाटलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या तान्हेपणापासूनची सगळी.

"बाईंनी सगळ्यांना सांगितलं, घरी जाऊन झाकण शोधा," ती म्हणाली. "आजी, आपल्याकडे सगळ्यात जास्त आहेत."

सुनेने झाकणं गोळा केली, उकळत्या पाण्यात टाकली.

दुपारी तापाचं औषध द्यायची वेळ झाली. सगळे जमले, जणू काही पूजाच. नातीने नळी धरली, मी रेघ बघितली, सुनेने बघितली, मुलाने चष्मा लावून पुन्हा बघितली. बाळ नळी तोंडात घेईना, थुंकायला लागलं. सवय चांदीची. सून मला म्हणाली, "आणा आई. ओता त्याच्यात."

मी मोजलेलं औषध चांदीच्या चमच्यात ओतलं. तळ जेमतेम झाकला. वरची सगळी चांदी कोरडी, त्यात आमचे चेहरे वाकडे दिसत होते. आम्ही सगळे त्या थेंबाएवढ्या औषधाकडे बघत राहिलो.

"एवढंच?" मुलगा म्हणाला.

"एवढंच," नात म्हणाली. "मी मोजलंय."

बाळाने चमच्याला तोंड लावलं, चाटून घेतलं, आणि चमचा धरून ठेवला. सोडीना.