येतो म्हणालो होतो

सुरुवातीलाच सांगतो – भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवण्यात, माझा जन्म गेला. लाकूड सूतभर चुकलं तर ओतलेलं लोखंड भंगारात जातं, तिथं 'मला आपलं वाटलं' चालत नाही. तेव्हा खालचं वाचून हसणार असाल तर खुशाल हसा. मीही हसलो असतो.

मी समुद्रात कयाक चालवायचो. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, निमुळती होडी. वरून झाकलेली, मध्ये बसण्यापुरतं भोक, आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. मासिकातला फोटो बघून लाकडी पट्ट्या आणि कॅनव्हासची मी स्वतःच बनवली होती. गल्लीतले लोक म्हणायचे, "आमी गुळाच्या काहिलीत बसून पंचगंगेचा पूर वलांडतोय, आन् ह्यो बघा, शेंगंत बसून समुद्रात निघालाय!" हसू दे. दर हिवाळ्यात रजा काढायची, ओळखीच्या ट्रकवर होडी बांधायची, आणि गगनबावड्याच्या घाटानं थेट विजयदुर्ग गाठायचं. पुढं किनाऱ्याकिनाऱ्यानं एकटाच.

समुद्रावर प्रेम वगैरे करणारे लोक काठावर बसून भेळ खातात. आत जाणाऱ्याला ठाऊक असतं, की त्याला आपण नको असतो. वारा, ओढ, खडक... सगळे आपल्यावर टपलेले. पाणी शांत दिसलं की समजावं, खाली काहीतरी वाढून ठेवलंय. इतकी वर्षं मी याच हिशेबानं जिवंत परत आलो. आणि तरी हिवाळा आला की पाय घरात ठरत नसत. खोटं कशाला बोलू, तिथं मला जेवढं जिवंत वाटायचं तेवढं दुसरीकडं कुठंच वाटलं नाही.

घाईत 'जातो' म्हटलं की सुशीला, माझी बायको, दारातच अडवायची. "जातो म्हणू नये. येतो म्हणावं." संसारात एवढी एकच गोष्ट मी तिची ऐकली.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपार, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सपाट. किनारा लांब, एक रेघ फक्त. आणि पाठीमागून हाक आली, "पावणं! कुठलं म्हणायचं?"

मासेमार असेल म्हणून मी न वळताच ओरडलो, "कोल्हापूर!"

"व्हय व्हय... आपल्यातलंच की. या की मग!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या किनाऱ्यावर मालवणी बोलतात. आमचं हे घाटावरचं दणकट बोलणं इथं, पाण्यात? होडी गर्रकन फिरवली. कुणी नाही. शीड नाही, डोकं नाही, साधा पक्षी नाही.

मी घाबरलो की चिडतो. "कोन हाय रं? म्होरं ये!"

"जेवूनच जावा की, पावणं." आवाज पाण्याला टेकून, माझ्या खांद्यामागून. शब्द आग्रहाचे होते, पण सूर बांधावर उभं राहून भावकीतला माणूस दम देतो तसला. सुटका करून घ्यायला पाहुण्याच्या घरून उठताना बोलतो तसं मी बोलून गेलो, "आत्ता नको. येतो."

मी वल्हं मारायला लागलो. मग – "या. वाट बगतो."

किनारा गाठेपर्यंत मी मागं बघितलं नाही.

घरी आल्यावर मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. सुशीलाची भाकरी तव्यावरच राहिली.

"निघताना काय म्हणालासा?"

"येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

"अवो, कुनाला बी येतो म्हणायचं व्हय?"

"तूच शिकवलंस की!"

भाकरी करपली. त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला, होडी पाण्यात घालू नका. मी ऐकतोय होय! उन्हाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी होडी गावातल्या रंकाळा तलावावर नेली. हट्टानं तीही आली आणि पायऱ्यांवर बसली. पलीकडं लोक म्हशी धूत होते. लख्ख ऊन. मी होडीत बसलो, वल्ह्यानं काठ ढकलला आणि सवयीनं म्हणालो, "येतो गं."

"या की, पावणं."

अगदी कानाशी. वल्हं पाण्यात बुडवलं ते वर येईना. खालून कुणीतरी पातं धरून ठेवलं होतं. गाळात रुतलं म्हणाल, तर होडी तळ्याच्या मध्याकडं सरकत होती, वाऱ्याच्या उलट. पुढचं टोक दबलं, पाणी मांडीवर आलं, तोंडावर उडालं... खारट! रंकाळ्याचं पाणी, आणि मिठासारखं खारट! मी वल्हं सोडून होडीची कड धरली, आणि उडी मारायला पायच हलेनात. त्या क्षणी कळलं, हे मला नेणार.

सुशीला लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली होती. "मुडद्या, माजा नवरा कुटं बी येत न्हाय!" म्हशी धुणारे थबकून बघायला लागले. मग ती माझ्यावर ओरडली, "अवो, जातो म्हणा! जातो म्हणा त्येला!"

लग्न झाल्यापासून ज्या शब्दावरून तिनं मला झापलं, तोच. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "जातो! मी जातो!"

होडी मोकळी झाली. वल्हं टुणकन वर आलं. आणि खालून, हळू, "बगू."

भास झाला असं म्हणणारे पुष्कळ भेटले. घाम तोंडात गेला असेल, म्हणाले. गेला असेल. पण 'या की' हे सुशीलानं काठावरून ऐकलं होतं, आणि 'बगू' हेसुद्धा.

होडी पत्र्याखाली आढ्याला उलटी टांगली, ती आजही तिथंच आहे. समुद्र सुटला. हिवाळ्यात अजून खांदे शिवशिवतात, पण दिलेला शब्द तिकडं पुरा होईल ही भीती जात नाही. 'येतो' हा शब्द मी सोडला तो सोडलाच. कुणाकडून उठताना 'जातो' म्हणतो, माणसं दचकतात, बायका 'असं म्हणू नये' म्हणतात.

सुशीला तसं म्हणत नाही. साधं दूध आणायला निघालो तरी दारापर्यंत येते, माझं 'जातो' ऐकून घेते, आणि तोंडावर पदर धरून म्हणते, "जावा."