निनांग न झालेली बाई

हर्मिनिया तुपास ही नाकासमोर चालणारी बाई. फिलिपिन्सच्या इलोइलो शहरातल्या लिझारोंदो प्रतिष्ठानच्या अनुदान विभागाची ती प्रमुख. साखरेवर गब्बर झालेल्या त्या घराण्याचं दान कुठल्या गावाला, कुठल्या मंडळाला आणि कशासाठी जायचं, हे सगळं आधी तिच्या चाळणीतून जायचं. तिनं नाही म्हटलं आणि वरून हो आलं, असं कधी घडलं नाही. किनाऱ्यावरच्या गावात तिची बोट लागली की बाप्ये शर्टाची बटणं लावत. गावात तिला मॅम म्हणत, ऑफिसात सगळे मानांग हर्मी. मानांग म्हणजे मोठी बहीण, पण त्या हाकेत बहिणीपेक्षा हेडमास्तरीणच जास्त असायची.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला एका निनांगवर कुणाचं भागत नाही. निनांग म्हणजे मुलाची मानलेली आई. चर्चमध्ये चांगली रांग उभी करतात निनांगांची, आणि त्या दिवसापासून ती बाई मुलाच्या सख्ख्या आईची 'मारे' होते. मारेला नाही म्हणणं म्हणजे सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवणं. त्यामुळे दान वाटणाऱ्या माणसाला निनांग करून घ्यायला कोण टपलेलं नसेल? म्हणून हर्मीनंच प्रतिष्ठानला नियम घालून दिला होता. अर्ज करणाऱ्यांशी ज्याचं असं नातं असेल, त्यानं बैठकीत तो अर्ज निघाला की उठून बाहेर जाऊन बसायचं. बस, एवढाच नियम. निनांग होऊ नका, असं त्यात कुठंही नव्हतं.

हर्मीनं मात्र स्वतःपुरता तो आणखी आवळला. गावोगावच्या बायका विचारून थकल्या. ती हसून म्हणायची, "अगं, मी तुमच्या पोरांची निनांग झाले तर तुमच्या अर्जावर बोलणार कोण?" लग्न केलं नाही, भाचरं मनिलाला. नाताळात आमच्याकडची पोरं निनांगांच्या दारोदार फिरतात, त्यांचा हात आपल्या कपाळाला लावून पाया पडतात आणि खाऊ उकळतात. हर्मीच्या घरात त्या दिवशी फक्त पंखा फिरायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे जोनालिन येईपर्यंत वाटत नसे.

जोनालिन तिच्याच हाताखालची, हर्मीनंच निवडलेली. गोल चेहऱ्याची, सदा हसरी. कामात चोख, आणि हेच जास्त खुपायचं. नालायक असती तर रागवून तरी मोकळं होता आलं असतं. हर्मीनं वर्षानुवर्षं ज्या गावांत शिस्त कमावली, तिथं ही पोरगी दोन फेऱ्यांत घरची झाली. नाताळानंतर ऑफिसात येऊन रडगाणं गायची, "यंदा मी मागच्या दारानं पळाले हो मानांग. फाटकापाशी पोरांची ही रांग! सगळ्यांची निनांग मीच. भिकेला लागणार मी एक दिवस." सगळे खदखदून हसायचे. हर्मीही हसायची आणि मग उगीच तिच्या अहवालातल्या चुका शोधत बसायची.

त्या वर्षी बुंताय बेटावरच्या बायकांचा अर्ज आला. मासळी सुकवण्यासाठी त्यांना पक्कं छप्पर हवं होतं. सर आली की वाळत घातलेली मासळी भिजायची, कुजायची आणि आठवड्याची मेहनत समुद्रात टाकावी लागायची. मंडळाची पुढारी पासिता नावाची बाई, काळी, उंच, तोंडाची फटकळ. अर्ज पोचला त्याच दिवशी जोनालिन हर्मीच्या टेबलापाशी आली.

"मानांग, आधीच सांगून ठेवते. पासिताच्या धाकटीची मी निनांग झालेय. बैठकीत बाहेर बसेन."

"बरं," हर्मी म्हणाली. एवढंच म्हणाली. पण अर्जावरचं पासिताचं नाव ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. कारण याच पासितानं फार पूर्वी, थोरल्या मुलीच्या वेळी, तिला विचारलं होतं. बोटीच्या धक्क्यावर, तान्हं मूल कडेवर घेऊन. आणि हर्मीनं तेच ठरलेलं वाक्य हसून तिच्या तोंडावर टाकलं होतं.

पाहणीला दोघी मिळून गेल्या. बुंतायला बायकांनी शेवंड शिजवली होती, केळीच्या पानावर भात वाढला होता. पाहुणचार घ्यायचा नाही म्हणून हर्मीनं आपला डबा उघडला. जोनालिन मांडी घालून बायकांत बसली आणि हातानं ओरपायला लागली.

"काय गं, तुला नियम नाही वाटतं?" हर्मीनं विचारलं.

"मला बैठकीत बसायचंच नाहीये, मानांग. मग शेवंडीनं काय घोडं मारलंय?"

बायका हसल्या. तेवढ्यात पासिताची धाकटी धावत आली, जोनालिनचा खरकटा हात तिनं तसाच कपाळाला लावला आणि मांडीवर चढून बसली. पासिता ओरडली, "अगं, मॅमना पण हात लाव, मोठ्या आहेत त्या." पोरीनं येऊन हर्मीची बोटं कपाळाला टेकवली न टेकवली आणि पुन्हा मांडी गाठली.

"थोरली कुठं असते?" हर्मीनं विचारलं.

"नर्सिंगला आहे, शहरात." पासिता मासे उलटेपालटे करत म्हणाली. "तिच्या वेळी तुमच्यासाठी जागा धरून ठेवली होती, मॅम. तुम्ही नाही म्हणालात. मग ऐनवेळी बर्फवाल्याची बायको उभी केली. पण देवाची करणी बघा, त्या बाईनं पोरीची निम्मी फी भरली."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर हर्मीनं सहन केला असता. परतताना बोटीत जोनालिन डोक्याला फडकं बांधून झोपून गेली. हर्मी तिच्या उघड्या, तेलकट, तृप्त चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण नियम केला, आपण उपास केला आणि जेवली ही!

छपराची गरज खरी होती, हे हर्मीला दिसलं होतं. कुजक्या मासळीचा वास अजून ओल्या कपड्यासारखा अंगाला लपेटलेला होता. तरी घरी आल्यावर तिनं बैठकीत बोलायचं वाक्य मनाशी पक्कं केलं: 'हे मंडळ कामावर नाही, नात्यागोत्यावर चालतं.' वाक्य मोठं सुबक होतं. एवढं एकदा ती बोलली असती तर बुंतायचा अर्ज कायमचा बुडाला असता, आणि बाहेर खुर्चीवर बसलेल्या जोनालिनला ते थांबवता आलं नसतं.

बैठकीला अध्यक्षस्थानी घराण्याची मुलगी, मॅम ऑगुस्ता. बुंतायचा अर्ज निघाला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्या म्हणाल्या, "ज्यांचं नातं आहे त्यांनी उठावं." जोनालिन कॉफीचा कप उचलून गेली. दार लागलं. हिशेबनीस तेओदोरो खुर्चीत रेलून म्हणाला, "आता मानांग बोलतील ते ऐकायचं. त्यांचं कुणाशी नातं नाही, म्हणून तर त्यांचा काटा कधी हलत नाही."

हर्मीनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. पण ते बाहेर येईना. 'कुणाशी नातं नाही' हे या गृहस्थानं कौतुकानं म्हटलं होतं, आणि तिला ते कानफटात बसल्यासारखं लागलं. ती उठून उभी राहिली.

"मीही बाहेर बसते."

"तुम्ही?" मॅम ऑगुस्ता गोंधळल्या. "तुमचं काय नातं?"

"नातं काही नाही, मॅम. पण या अर्जाबाबत माझं मन स्वच्छ नाही. मला जोनालिनचा हेवा वाटतो. आज मी जे बोलेन ते खोटं असेल."

तेओदोरो टेबलावरची टाचणी निरखत बसला.

बाहेर जोनालिन तिला बघून गडबडून उठली. "तुम्ही कशा बाहेर? तुम्ही कुणाच्या निनांग झालात, मानांग?"

"कुणाचीच नाही," हर्मी म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

थोड्या वेळानं दार उघडून मॅम ऑगुस्ता डोकावल्या. "आमच्यापैकी गाव पाहिलेलं कुणीच नाही. आम्ही ठरवायचं कसं? पुढच्या हंगामावर टाकू का?"

पुढचा हंगाम म्हणजे आणखी एक पावसाळा. हर्मीनं जोनालिनच्या दंडाला हात लावला. "जा इंदाय, जा पोरी. आधी सांग की तू पासिताची मारे आहेस. मग जे पाहिलंस ते सगळं बोल. नियम मीच केलाय, मोडल्याचा दोष मी घेते."

ती गेली. आतून तिचा आवाज येत राहिला, मध्येच हशा पिकला. हर्मीला वाटलं होतं, एवढं केल्यावर तरी जळणं थांबेल. कुठलं काय!

जोनालिन बाहेर आली ती फोन कानाला लावूनच. "झालं, मारे, छप्पर मंजूर झालं!" पलीकडून बायकांचा कल्ला इतका झाला की तो हर्मीलाही ऐकू आला. मग जोनालिननं फोन तिच्यापुढे धरला. "पासिता बोलायचं म्हणतेय तुमच्याशी."

"मॅम," पासिताचा आवाज रडवेला झाला होता. "देव तुमचं भलं करो. आम्हाला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणणार. माझ्या मारेनं तुम्हाला फार समजावलं असेल ना?"

हर्मीनं जोनालिनकडे पाहिलं. ती कान देऊन, हसत उभी होती.

"हो," हर्मी म्हणाली. "तिनंच समजावलं."