दादाचं सुतक

माय गेली तवा दादाले तार कराची होती. पोस्टातून फॉर्म आनला, भरला, आन म्याच फाडून टाकला.

पोलाद कारखान्याच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरात आम्ही दोघं भाऊ आन माय राहात होतो. चौसष्ट साली रामाजीदादाले नव्या क्रेनचं काम शिकाले सहा महिने जपानले पाठवलं. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, चौथी पास! सारा प्लांट पाहातच राहिला. तीन महिने झाले आन इकडे माय तापानं गेली. म्या इचार केला, तार पाहून हा बोरियाबिस्तर बांधून येईन, ट्रेनिंग बोंबलन. मोठा शहाना मी! चिठ्ठ्यांत लिहित राहिलो, 'घरी सर्वे मजेत.'

दादा दुर्ग स्टेशनावर उतरला. "माय कशी आहे?" म्या म्हनलं, "घरी तं चाल." मंग बसमध्ये त्याच्या तोंडाले खळच नाई.

"धोंडबा, तिथल्या म्हाताऱ्या फोरमननं मले एक जुनं देऊळ दाखवलं. चारशे वर्साचं! कमान आहे, पन दार नाई. पळीनं हातावर पानी घ्याचं, चूळ भराची. दोनदा वाकाचं, दोन टाळ्या वाजवाच्या, हात जोडाचे, पुन्हा वाकाचं. आन आयक, आपल्यासारखंच सुतक पाळतेत बापा! कमानीपाशी त्यानं दुभाष्याले सांगून इचारलं, घरात कोनी गेलं तं नाई? गेलं असन तं आत जात नाईत. म्या म्हनलं, छे, माय ठणठणीत आहे. मंग मायसाठीच मागतलं."

खिशातून त्यानं लाल रेशमी ताईत काढला.

क्वार्टराच्या दारात सांगतलं. दादा रडला नाई. "कोनत्या दिवशी?" म्हने.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

तो बोटावर दिवस मोजत पायरीवर बसला.

"दादा, तुह्याच भल्यासाठी..."

"तू इकडे तिचा दहावा करून राहिलता धोंडबा, आन मी तिकडे तिच्या आयुष्यासाठी टाळ्या वाजवून राहिलतो."

यापरीस दोन थोबाडीत हानल्या असत्या तं बरं झालं असतं.

दादाले प्रमोशन भेटलं. लोक मले म्हनत, बरं केलं तार नाई केली. पन तवापासून दादा कोन्याच देवळात जात नाई. आम्ही आत जातो, तो बाहेर आमच्या चपलांपाशी बसते. लई वाईट वाटते. पन 'दादा, आत चाल' म्हनाले मले तोंड नाई.