दिवेलागणीची हाक

शशिधर सर आमच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायचे. मी डेटाबेस शिकवते, म्हणजे प्रयत्न करते. पोरं कुणाच्या बापाला दाद देत नाहीत. सरांच्या तासाला मात्र मागच्या बाकावरचेही माना वर करून बसायचे. "कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा मोजकी," सर म्हणायचे. "नवं पान, म्हंजे माहितीचा नवा तुकडा, आत घ्यायचं तर जुनं कुठलं तरी भाईर काढावंच लागतंय. मग काढायचं कुणाला?" मग ते एकेका पोराला एकेक पान ठरवून गोल उभं करायचे आणि घड्याळाच्या काट्यासारखे फिरायचे. ज्या पानावर वापरल्याची खूण दिसेल, तिथली खूण पुसायची आणि त्याला या फेरीत सोडून द्यायचं. पुढची फेरी येईतो पुन्हा खूण उमटली नाही, तर ते पान बाहेर आणि त्याची जागा दुसऱ्याला.

माणूस चाळिशी ओलांडलेला, लग्न न जमलेला. उचगावात आईबरोबर राहायचा. स्वभावानं गरीब गाय, पण भाकरी जराशी करपली तर दोन दिवस तेच सांगणार.

त्यांच्या आईंच्या, शांतव्वांच्या घरात (आईला ते अव्वा म्हणायचे) एक जुनी रीत होती. दिवा लावला की घरातल्या बाईनं एकेकाचं नाव घेऊन जेवायला हाक मारायची, आणि ज्यानं त्यानं "आलो अव्वा" म्हणून ओ द्यायची. वय झालं तशा शांतव्वा विसरायला लागल्या. डॉक्टरांनी मेंदूच्या आजाराचं नाव सांगितलं. सरांच्या नजरेस वेगळंच पडलं. त्यांची बहीण शांभवी हातकणंगल्याला दिलेली, पण दिवेलागणीला रोज फोनवरून ओ द्यायची. तिचं पोर तापानं फणफणलं आणि लागोपाठ दोन संध्याकाळी फोन राहिला. त्यानंतर ती पेढे घेऊन दारात उभी राहिली, तर शांतव्वा म्हणाल्या, "कुणाकडं आलायसा बाई?" शांभवी उंबऱ्यावरच बसून रडली.

"दुसऱ्या फेरीला काढली तिला," सर मला स्टाफरूममध्ये म्हणाले. आवाज अगदी तासाला असतो तसा होता, आणि मला त्याचंच भय वाटलं. कॉम्प्युटरमध्ये बाहेर काढलेलं पान निदान डिस्कवर असतं, लागेल तेव्हा परत आणता येतं. इथं ती सोय नव्हती. शांभवीनं नंतर कितीदा ओ दिली, उपयोग झाला नाही.

"आणि तुमचे अप्पा?" मी विचारलं. सरांचे वडील अण्णाप्पा वारून कैक वर्षं झाली होती, तरी शांतव्वा त्यांना रोज हाक मारायच्या. त्यांना त्या तसूभरही विसरल्या नव्हत्या. "ते कुठं ओ देतात?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "तेवढं इचारू नका," ते म्हणाले. "तिथवर आलं की मी पुढं इचार करत न्हाय."

आता आईला ओळखू येणारं जिवंत माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे सर. आणि नेमकी त्यांच्याच घशात गाठ निघाली. वर्षानुवर्षं ओरडून शिकवल्याचं फळ. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. सरांनी आधीच डोकं चालवलं होतं. "आलो अव्वा" एवढंच फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलं होतं. हाक आली की बटण दाबायचं. मलाही ती युक्ती फक्कड वाटली. आठवडा सुरळीत गेला. सर मला रोज मेसेज करायचे, 'ओळखते.'

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी सरांनी मला जेवायला बोलावलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मी दचकले. आवाज जाड, खरखरीत, दुसऱ्याच कुणाचा तरी. "आज माझ्या तोंडानं ओ देणार," ते म्हणाले आणि फोनमधलं रेकॉर्डिंग माझ्यासमोर पुसून टाकलं. लहान पोरासारखे खूश होते.

शांतव्वांनी दिवा लावला, कपाळाला विभूती लावली. सगळी ताटं मांडली. "शशीचं अप्पा, चला जेवाय," त्यांनी हाक दिली, क्षणभर थांबल्या आणि समाधानानं मान हलवली. मग म्हणाल्या, "शशी."

"आलो अव्वा," दारातून सर म्हणाले.

शांतव्वांनी वळून पाहिलं. आधी सरांकडं, मग माझ्याकडं. परक्यांशी वागावं तशा अदबीनं त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुठलं पावणं म्हणायचं?"

"अव्वा, मी शशी."

"शशी तर कवाच येऊन बसलाय की." त्यांनी सरांच्या नेहमीच्या, रिकाम्या पाटाकडं हात केला.

"अगं, मी. मी हाय शशी." सरांचा नवा आवाज मध्येच फाटला. शांतव्वा जराशा घाबरून मागं सरकल्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या वेळी त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

शांतव्वांनी रिकाम्या पाटापुढच्या ताटात भाकरी वाढली. मग वाकून कान दिला. मीही कान दिला. गॅसवर आमटी रटरटत होती, बाकी काही नाही. शांतव्वा मात्र खरंच ऐकत होत्या, मध्येच हुंकार देत होत्या. मग त्या हसल्या आणि आमच्याकडं वळल्या.

"लई गुणाचं पोर माझं," त्या सरांना म्हणाल्या. "म्हणतंय, पावण्यास्नी उपाशी धाडू नको."

सर माझ्याशेजारी, दाराजवळच्या पाटावर बसले. शांतव्वा वाढायला आल्या तेव्हा परक्याच्या घरी करतात तसे त्यांनी हात जोडले, आणि ताट पुढं केलं.