पहिला दाब हवेत

माझी मोठी वहिनी नाकात मारायच्या औषधांचे फवारे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. खोक्यातली एखादी बाटली उचलायची, बारीक धुकं सुटेपर्यंत हवेत दाबायची, मग काळ्या कागदावर एक फवारा मारून ठसा बघायचा. ठसा गोल आला तर खोकं पुढे, वाकडा आला तर माघारी. तिथे तिचा शब्द खाली पडत नाही. घरी सर्दी झालेल्या माणसाची तर धडगत नसते. "आधी हवेत दाब! मान पुढे! भसाभसा ओढू नकोस!" तिच्यासमोर शिंकायची चोरी.

अशा बाईला धाकट्या वहिनीचं का डाचावं? पण डाचतं. धाकटी घरात आली आणि आईच्या तोंडी तिचंच नाव बसलं. धाकटीचा चहा, धाकटीचं बोलणं, धाकटीनं घातलेल्या कपड्यांच्या घड्या. मोठीनं वर्षानुवर्षं तशाच घड्या घातल्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. मी लेक असून सांगते, आईचं चुकत होतं. मोठी जळायची, आणि जळली की भांडी आपटायची, त्यामुळे सगळ्या घराला कळायचं.

मग आईला झटके यायला लागले. झटका लांबला तर नाकातून द्यायचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं. मुठीत मावतील एवढी दोन पांढरी यंत्रं, वर नळी, खाली बटण. दवाखान्यात नेमकी धाकटी सोबत गेली होती. घरी आल्यावर आई म्हणाली, "दोन्ही धाकटीकडेच राहू देत. ती नीट देईल."

मोठीचा चेहरा उतरला. उभा जन्म ज्या कामात गेला, तेसुद्धा धाकटीच्याच पदरात! तिनं हात पुढे केला. "एक माझ्याकडे दे."

धाकटीनं लगेच दिलं. "फक्त ताई, डॉक्टर म्हणाले की हे..."

"तू मला शिकवणार? कारखान्यात काय माशा मारत बसते मी?"

धाकटी दुसरं यंत्र घेऊन आत गेली. मीही मध्ये पडले नाही, कारण मोठीच्या तोंडी लागायची माझी टाप नाही.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी आई खुर्चीतून घसरली. डोळे फिरले, अंग ताठ झालं, हातपाय झटकायला लागले. मी तिला कुशीवर वळवून डोकं धरलं. झटका थांबेना. दोघी वहिन्या धावत आल्या, मोठी पुढे. अंगठा बटणावर ठेवला आणि सवयीनं तिनं आधी हवेत दाबलं.

छान बारीक धुकं सुटलं. मोठीनं समाधानानं मान डोलावली, नळी आईच्या नाकपुडीत ठेवली आणि पुन्हा दाबलं. बटण हलेना. त्या यंत्रात एकच मात्रा असते, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत पंख्याच्या वाऱ्यावर गेली होती. मोठी दाबतच राहिली, अंगठा पांढरा पडेपर्यंत. आईचे ओठ निळसर दिसायला लागले.

"ताई, सरका!" धाकटीनं तिला खांद्यानं बाजूला केलं आणि स्वतःकडचं यंत्र थेट नाकात धरून दाबलं. हळूहळू आईचं अंग सैल पडलं.

डॉक्टर येऊन तपासून गेले. संध्याकाळी आई नीट शुद्धीवर आली, तेव्हा तिनं विचारलं, "औषध कुणी दिलं गं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताईंनी. माझे तर हातपायच गळाले होते."

आईनं मोठीला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू होतीस म्हणून मी आहे," ती म्हणाली. असं आई मोठीशी कधीच बोलली नव्हती.

मोठी खाली मान घालून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. वाटलं, रडत असेल. ती ओट्याला टेकून उभी होती, डोळे कोरडे, लाल.

"खरं सांगून टाकायचं होतं तिनं," मोठी म्हणाली. "आता मला तिला शिव्याही देता येत नाहीत."