कॉम्प्युटरचं दावं

माझे दाजी ईरप्पा बैल पारखण्यात एकेकाळी वळसंगच्या पंचक्रोशीत नावाजलेले होते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात लोक त्यांना हाताला धरून न्यायचे. दाजी बैलाचे दात बघत, खांदा चाचपत, आणि त्यांनी मान हलवली की सौदा व्हायचा. मग गावात ट्रॅक्टर आले. नऊ वर्षांपूर्वी दाजींनी स्वतःची जोडीही विकली आणि अक्काला घेऊन सोलापुरात दोन खोल्यांत राहायला आले. इथं त्यांचं मत कुणी विचारत नसे, म्हणून ते सगळ्यांना न विचारता देत.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण महानंदा. शेहेचाळिसाव्या वर्षी ती मराठी आणि कानडी टायपिंग शिकली, तेव्हा गल्लीभर हसं झालं. पण छापखानेवाले वीरभद्रप्पा हसले नाहीत. त्यांच्या लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. दोन्ही बिनचूक टाइप करणारं माणूस त्यांना मिळत नव्हतं. ते म्हणाले, "सोमवारी धा वाजता येतो. मशीन चालू दिसलं तर शीझनभर काम तुमचं. न्हायतर दुसरीकडं द्यावं लागंल." स्वतःचं म्हणून अक्काला आयुष्यात पहिल्यांदाच काही मिळणार होतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे पुस्तकातलं चित्र दाखवतो, लॅबला कुलूप असतं. अक्काकडे कॉम्प्युटर नव्हता. अर्थातच मी नवा घ्या म्हणालो. माझ्या घरी नवाच आहे, आत निळे-जांभळे दिवे लागतात. त्यावर मी हजेरीपट भरतो.

"नवा म्हंजे गोऱ्हा की, मास्तर," दाजी म्हणाले. "कवा लाथ मारंल, कवा बसकण मारंल, कुणाला म्हाईत? कामाला मुरलेलं जनावर बगू."

रविवारी आम्ही संघपालच्या दुकानात गेलो. ऑफिसांतून निघालेले जुने कॉम्प्युटर तो दुरुस्त करून विकतो. दाजींनी दहा-बारा डब्यांवर थापा मारल्या आणि एका मळकट डब्यापाशी थांबले.

"ह्यो आदी कुणाच्या दावणीला हुता?"

"एका पतसंस्थेत, काका. बारा वर्षं," संघपाल गंभीरपणे म्हणाला.

दाजींनी तो चालू करायला लावला, कुशीला कान लावून त्याचा श्वास ऐकला, आणि मला अर्धा तास टाइप करायला बसवलं. औताला धरल्याशिवाय बैल घेत नाहीत म्हणे. शेवटी विचारलं, "खोड काय?"

"एकच. लाइट गेली की तारीख विसरतो. सेल बदलून बघितला, तरी विसरतो."

"खोड सांगून इकतो. माणूस खरा हाय!" दाजी खूश झाले आणि खांद्यावरचा टॉवेल संघपालच्या हातावर टाकून त्याखाली त्याची बोटं दाबू लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो. काकांना चक्कर आली असं वाटून संघपालने खुर्ची पुढे केली. मी लाजून रिक्षा बघायला बाहेर पळालो.

सोमवारी नऊ वाजता मी जोडणी करायला गेलो. डब्यावर विभूतीचे तीन पट्टे होते, अक्का इरकली नेसून बसली होती. पिशवीत तारा मात्र नव्हत्या.

"दाजी, वायरी कुठायत?"

"दावं व्हय? ते तितंच त्याच्या खुंटीला अडकवलं. त्या पोरानं पिशवीत घातलं हुतं, मी काडून ठिवलं." मी पिशवी उलटी करून झटकली. "जनावर इकलं तरी दावं द्यायचं नस्तं, मास्तर. तेनं इकणाऱ्याची दावण मोकळी पडती. त्या पोराचं वाटुळं करू का?"

माझ्या नव्या कॉम्प्युटरची पडद्याची तार ह्या जुन्याला बसत नाही, एवढं तरी मला ठाऊक होतं. मी संघपालला फोन लावला. पावणेदहाला तो तारांचं भेंडोळं घेऊन धापा टाकत आला.

दाजींनी हात मागे घेतले. "न्हाय बाबा. तुजं नुकसान माज्या हातनं नको."

"काका, माझ्याकडं अशा तारा पोतंभर आहेत!"

"तरी न्हाय."

तेव्हा अक्का उठली. "जलमभर बैल पारखलं तुमी," ती म्हणाली, "यकदा बायकोकडं बगा की. धा वाजाय आले."

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे गेले. तिथं खुंटीला त्यांच्या विकलेल्या जोडीची दोन दावी होती. दर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्यांना तेल लागायचं, एरवी अक्कानेही हात लावायचा नाही. दाजींनी त्यातल्या बसव्या बैलाचं दावं काढलं, एकदा हातावरून फिरवलं आणि संघपालच्या हातात दिलं.

"दाव्याला दावं. आता तुजी दावण मोकळी न्हाय."

संघपालने ते दोन्ही हातांनी घेतलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी खाली वाकून तारा जोडत बसलो.

डबा घरघरला, पडदा उजळला.

"काय लिवलंय?" दाजींनी विचारलं.

"एक जानेवारी, दोन हजार बारा," अक्काने वाचलं.

दाजी पडद्याजवळ आले. "तवा बसव्या हुता की." मग ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती तारीख."

बाहेर वीरभद्रप्पांची मोटरसायकल थांबली. अक्काने पदराने डोळे पुसले.

"लगीन यंदाचं हाय," ती म्हणाली, आणि तारीख बदलली.