डोंगर काढायचाय का मानूस?

विटा गावातल्या त्या दुकानात कॅमेरा बघायला गेलं, की मालक आधी विचारतो, "डोंगर काढायचाय का मानूस?" मी दर वेळी डोंगर म्हणायचो. मग तो नाराजीनं वाइड लेन्स पुढं सरकवायचा आणि शेजारी, न मागता, पोर्ट्रेटची लेन्स ठेवायचा. "डोंगर कुटं पळून जातुया व्हय?"

लेन्स तपासायची म्हणून तो गिऱ्हाइकालाच दाराच्या उजेडात उभं करतो. "हसू नगा. सरळ बगा." तो फोटो कॉम्प्युटरवर जातो. पुसायला सांगितलं, तर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या. कवातरी लागतुया."

कशाला लागतो, ते एकदा पाहिलं. एक जण लग्नातला ग्रूप फोटो घेऊन आला होता. मागच्या रांगेतला त्याचा भाऊ वारला होता आणि हार घालायला दुसरा फोटोच नव्हता. मालक चेहरा मोठा करत गेला, तसा तो चौकोनाचौकोनांत फुटत गेला. "ह्यात डोळंच न्हाईत," मालक म्हणाला आणि बराच वेळ माऊसवरचा हात काढेना.

मधे मी वर्षभर आजारी होतो. परवा जरा बरं वाटलं, म्हणून जास्त मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा बघायला गेलो. अंगावरचा शर्ट लोंबत होता. सवयीनं मीच दाराच्या उजेडात जाऊन उभा राहिलो, न हसता.

त्यानं मला नीट निरखलं आणि लेन्सला टोपण लावलं.

"आसू द्या," तो हळू म्हणाला. "मागल्या खेपंचा चांगला आलाय."